बाळाची खोली सेफ करायची आहे, पण सुरुवात कुठून करू?

निळी_छत्री

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय. आठवा महिना संपत आलाय, पहिलंच बाळ. घरातली एक छोटी खोली रिकामी होती ती बाळाला द्यायची ठरलं आणि गेले दोन आठवडे मी आणि नवरा त्याच उद्योगात आहोत. भिंतींना फिकट पिवळा रंग झाला, ढगांचे स्टिकर झाले, खिडकीला दोरीने वरखाली होणारे ब्लाइंड्स लावून झाले, आणि त्या खिडकीखालीच क्रिब ठेवायची म्हणजे उजेड छान येईल असं डोक्यात आहे. क्रिब मोठ्या जाऊबाईंकडून आलीय, त्यांची दोन्ही मुलं तिच्यातच वाढली, मोठा आता सोळा वर्षांचा आहे. एका बाजूचा कठडा खाली सरकतो त्यामुळे बाळाला उचलताना वाकावं लागणार नाही, मला तर तेच सगळ्यात आवडलं. रंग उडालाय थोडा, नवरा म्हणतो पॉलिश पेपरने घासू आणि नवीन मारू.

मैत्रिणींनी मिळून क्रिबचा अख्खा सेट दिलाय, रजई, छोटी उशी, चारी बाजूंनी बांधायचा तो मऊ बंपर, शिवाय एक लोळता येईल अशी मऊमऊ आर्मचेअर रात्री दूध पाजायला.

सगळं मस्त चाललं होतं आणि काल माझी मोठी बहीण आली, दारातच उभी राहिली, दोन मिनिटं नुसती बघत होती आणि म्हणाली "खोली बाळासाठी केलीयस की फोटोसाठी?" मला आधी रागच आला, मग रात्रभर झोप नाही. आता प्रश्न असे की जुनी क्रिब चालेल का, बंपर वाईट असतो असं ती म्हणते ते खरंय का (गज लागू नयेत म्हणूनच तर असतो ना तो?), आणि दुकानात ते सेफ्टी किट मिळतं, कोपऱ्यांचे रबर, सॉकेटची झाकणं, ड्रॉवरची कुलपं, ते सगळं आत्ताच लावायचं का? प्लीज जरा नीट सांगा, घाबरवू नका, आधीच घाबरलेय :(

अर्धवट_झोप

अगं पहिल्यांदा अभिनंदन! आणि ताईवर रागवू नकोस, बरोबर बोलली ती, जरा तिखट बोलली एवढंच.

माझी दोन आहेत, पाच वर्षांचा आणि दहा महिन्यांची, त्यामुळे दोन्ही प्रकारचा मूर्खपणा करून झालाय. पहिल्याच्या वेळी माझी पण खोली अगदी तुझ्यासारखी होती. बंपर, रजई, चार टेडी. डॉक्टरांनी पहिल्या व्हिजिटला विचारलं बाळ झोपतं कुठे, मी कौतुकाने मोबाईलवर फोटो दाखवला तर त्या म्हणाल्या यातलं बाळ सोडून सगळं बाहेर काढा. तेच तुला सांगते. क्रिबमध्ये घट्ट गादी, तिच्यावर इलॅस्टिकची ताणून बसणारी चादर, आणि बाळ. संपलं. उशी नाही रजई नाही बंपर नाही टेडी नाही. अमेरिकेत तर २०२२ मध्ये कायदा करून हे मऊ बंपर विकायलाच बंदी घातली आणि त्याच कायद्यात बाळाला १० अंशांपेक्षा जास्त तिरपं झोपवायचे ते बिछाने (स्लीपर) पण गेले. गजाला डोकं आपटून बाळाला फार तर टेंगूळ येतं, पण बंपरमध्ये नाक दाबलं गेलं तर लहान बाळाला मान वळवून बाजूला व्हायची ताकदच नसते.

थंडीची काळजी असेल तर अंगात घालायची झोपायची पिशवी मिळते बिनबाह्यांची, पाय आतल्या आत हलतात. फक्त वजन भरलेली घेऊ नकोस, बाळ शांत झोपतं म्हणून जाहिरात करतात ती.

आणि खिडकीखाली क्रिब ठेवू नकोस, हे मात्र हात जोडून सांगते. माझा मोठा साडेसात महिन्यांचा असताना दुपारी झोपला होता, मी बाहेर कपडे घड्या करत होते, आवाज नाही काही नाही. सहज डोकावले तर हा उठून बसलाय आणि ब्लाइंड्सची दोरी गजांतून आत ओढून घेतलीय, मनगटाला दोन वेढे, तिसरा वेढा डोक्यावरून जायच्या बेतात आणि महाराज हसतायत माझ्याकडे बघून. दोरी मी वर गुंडाळून ठेवायचे गं रोज. त्या दिवशी विसरले, एवढंच. त्यानंतर ब्लाइंड्स काढून साधा पडदा लावला, तोही आखूड.

किट वगैरेचं आत्ता डोक्यातून काढून टाक. पहिले काही महिने बाळ आपलं आपण खोलीभर फिरत नाही, कोपऱ्याचं रबर लागतं ते रांगायला, उभं राहायला लागल्यावर. मी सातव्या महिन्यात लावली होती, त्याने आठव्यात सोलून चघळली.

खिळेमोळे

ताई, फर्निचरच्या फिटिंगचं काम करतो, बावीस वर्षं झाली, तेव्हा बाळांबद्दल नाही पण क्रिबबद्दल सांगू शकतो.

सरकत्या कठड्याची क्रिब वापरू नका. जाऊबाईंना काय वाटेल तो भाग वेगळा. त्या सरकत्या बाजूचं सगळं वजन दोन-चार प्लास्टिकच्या खाचांवर आणि पिनांवर असतं, सोळा वर्षांत ते प्लास्टिक कडक होऊन तडकतं, वरून दिसत नाही, आणि मग एक कोपरा सुटतो पण कठडा पूर्ण पडत नाही. पूर्ण पडला असता तर बरं असं म्हणायची वेळ, कारण अर्धवट सुटल्याने गादी आणि कठडा यांच्यात इंग्रजी व्ही सारखी फट पडते आणि बाळ त्यात घसरतं. याच कारणावरून अमेरिकेत जून २०११ पासून असल्या क्रिब बनवायला आणि विकायला बंदी आहे. काही जण दोन स्क्रू मारून तो कठडा कायमचा फिक्स करतात, मला पण दोन गिऱ्हाइकांनी सांगितलं होतं, मी नाही करून दिलं. ज्या लाकडाला जिथे भार घ्यायचा नव्हता तिथे भोक पाडलं की ते तिथूनच चिरतं.

दुसरी कुठली जुनी क्रिब मिळाली, न सरकणारी, तर हे बघा. टेप घ्या आणि दोन गजांमधलं अंतर मोजा, ६ सेंटीमीटरच्या वर नको. त्याहून जास्त असेल तर बाळाचं अंग पायाकडून बाहेर जातं आणि डोकं अडकतं. कोल्ड्रिंकचा कॅन आत जातो का बघा असं सांगतात लोक, पण कॅन स्वतःच साडेसहाच्या आसपास असतो, तेव्हा टेपच बरी. एकेक गज पिळून बघा, फिरला तर चिकटवण सुटलंय. गादी आणि फ्रेमच्या मध्ये दोन बोटं जात असतील तर गादी लहान आहे, चादरी कोंबून भरायचं नाही, मापाची गादी आणायची. कोपऱ्याचे खांब वर उंच आलेले, गोंड्यासारखे नकोत, अंगातला कपडा अडकतो. आणि एकही स्क्रू कमी असेल तर घरातला दुसरा चालवून घ्यायचा नाही, त्या मापाचा, त्या लांबीचाच.

रंगाचं राहिलं. घासू नका!! निदान तुम्ही त्या खोलीत असताना तरी मुळीच नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि कोरडं घासलं की त्याची धूळ होते, ती नाकातोंडात जाते, पोटातल्या बाळापर्यंत पोचते. आणि नंतर दात यायला लागले की बाळ तो कठडाच कुरतडतं, म्हणजे वरचा नवा थर खाऊन खालचा जुना. तुमच्या केसमध्ये क्रिबच जाणार आहे म्हणून प्रश्न मिटला.

कपाट कसलं आहे ते लिहिलं नाहीत. ड्रॉवरचं असेल तर ते भिंतीला बांधलंय का?

जुना_वड

वाचून करमणूक झाली. आम्ही चार भावंडं, उशी रजई सगळं होतं, पालथं झोपवायचे, कोणी टेप घेऊन गज मोजले नाहीत. सगळे धडधाकट आहोत. हल्ली बाळ कमी आणि नियम जास्त.

रात्रपाळी

@जुना_वड काका, तुम्ही चौघं धडधाकट आहात याचा आनंदच आहे, पण जे राहिले नाहीत ते इथे येऊन लिहीत नाहीत ना. मी नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स आहे. १९९० च्या सुमारापर्यंत पालथं झोपवा असं डॉक्टरच सांगायचे, लोकांची चूक नव्हती. नंतर आकडे हातात आले आणि सल्ला उलटला, अमेरिकेत १९९२ ला आधी पालथं नको असं सांगितलं आणि १९९४ ला बाळांना उताणं झोपवा म्हणून मोठी मोहीम झाली, आणि त्यानंतर झोपेत अचानक जाणाऱ्या बाळांचं प्रमाण तिथे जवळपास निम्म्यावर आलं. औषध नाही, मशीन नाही, नुसतं उताणं.

@निळी_छत्री, तुला घरचे हमखास सांगतील की उताणं झोपवलं आणि दूध बाहेर आलं तर ठसका लागेल. उलट आहे. उताणं असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका खाली, त्यामुळे आलेलं दूध वरच्या नळीत चढायला त्याला उलटं वर जावं लागतं. पालथं केलं की बरोबर त्याउलट होतं. दुपारी, रात्री, दहा मिनिटांची डुलकी, प्रत्येक वेळी उताणं. कुशीवर पण नाही, कुशीवरून पालथं व्हायला वेळ लागत नाही. डोकं मागून चपटं होईल म्हणून उशी देतात, त्याला उपाय उशी नाही, जागेपणी आपण समोर बसून पोटावर ठेवायचं, दिवसातून थोडा थोडा वेळ.

आता तुझ्या खोलीबद्दल, जरा वाईट वाटेल. पहिले सहा महिने तरी बाळ रात्री त्या खोलीत झोपवायचंच नाहीये! तुमच्या खोलीत, तुमच्या पलंगाशेजारी, पण स्वतःच्या वेगळ्या बिछान्यात. म्हणजे भिंतीवरचे ढग सध्या तुम्ही दोघंच बघा :)

आणि मला तुझ्या यादीत सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली सांगू? क्रिबची नाही, त्या आर्मचेअरची. रात्री तीनला पाजताना आईला झोप लागते, प्रत्येकीला लागते, मला लागली होती आणि मी तर रात्री जागायचाच पगार घेते. खुर्चीत किंवा सोफ्यावर बाळ छातीवर घेऊन झोप लागणं हे पलंगावर लागण्यापेक्षा कितीतरी धोक्याचं, कारण बाळ घसरून तुझा दंड आणि खुर्चीचा हात यांच्या बेचक्यात जातं, तोंड मऊ गादीत, आणि तुला कळतही नाही. डोळे मिटतायत असं वाटलं की एक तर नवऱ्याला उठवायचं, नाहीतर सरळ पलंगावर बसून पाजायचं, उशा पांघरुणं आधीच लांब सारून. बाळाला तिथे झोपवायचंय असं नाही, जाग आली की लगेच त्याच्या जागेवर. पण डोळा लागलाच तर निदान खुर्चीत लागू नये. खुर्ची दिवसा वापर, छान आहे.

घाम फुटेल इतकं गुंडाळू नका. आपण त्या खोलीत ज्या कपड्यात आरामात बसतो त्यापेक्षा फार तर एक थर जास्त. हातपाय गार लागले म्हणून घाबरायचं नाही, मानेमागे किंवा छातीवर हात लावून बघायचं. झोपेत टोपी नको. कॅमेरा लावणार असशील तर त्याची वायर क्रिबपासून एक मीटर तरी लांब, हात किती लांब पोचतो याचा अंदाज आपला नेहमी चुकतो. पायात घालून नाडी आणि ऑक्सिजन मोजणारी ती यंत्रं घ्यायची तर घ्या, पण त्यांच्या भरवशावर बाकीचं सोडू नका.

जुना_वड

ठीक आहे बाई. श्वासनलिकेचं माहीत नव्हतं. नातीकडे सांगतो.

कोपऱ्यातला_बाबा

सगळे झोपेबद्दल लिहितायत म्हणून मी दुसरंच लिहितो. त्या खोलीत बटन सेलवर चालणारी वस्तू आहे का? नाही म्हणायच्या आधी नीट बघा. नाइट लॅम्पचा तो चपटा छोटा रिमोट, खोलीचं तापमान दाखवणारं घड्याळ, उघडल्यावर गाणं म्हणणारं ग्रीटिंग कार्ड. आमच्याकडे लॅम्पचा रिमोट होता. मुलगी अकरा महिन्यांची, रिमोट पडला, मागचं झाकण स्क्रूचं नव्हतं, नखाने सरकवायचं होतं, ते एका बाजूला आणि सेल गायब. तीन माणसं जमिनीवर पालथी पडून शोधतायत. सापडला, गालिच्याच्या कडेखाली. पण ती जी सात-आठ मिनिटं होती ती मला अजून आठवतात आणि आत्ता टाइप करतानासुद्धा तळहाताला घाम आलाय.

तो नाण्यासारखा २० मिलिमीटरचा लिथियमचा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून खोल भाजतं. फुटून ऍसिड गळतं असं लोकांना वाटतं पण तसं नाही, लाळेमुळे करंट सुरू होतो आणि सेलच्या एका बाजूला जळजळीत अल्कली तयार होते. संपलेला सेलसुद्धा हे करू शकतो. तेव्हा गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवायची नाही, खायला देऊन ढकलायचा नाही, सरळ हॉस्पिटल गाठून एक्स-रे. आता आमच्या घरात नियम, ज्याचं झाकण स्क्रूने बंद होत नाही ती वस्तू मुलीच्या खोलीत येत नाही.

बाकी घशात काय अडकू शकतं ते बघायला टॉयलेट पेपरच्या आतला पुठ्ठ्याचा रोल ठेवा हाताशी. त्यातून जी वस्तू आरपार पडते ती बाळाच्या हातात नाही.

अजून एक, आठवड्यातून एकदा त्या खोलीत जमिनीवर आडवे व्हा. विनोद नाही. मी पहिल्यांदा झोपलो तेव्हा क्रिबखाली एक स्क्रू, एक स्टेपलची पिन आणि बायकोचं वर्षभर हरवलेलं कानातलं सापडलं.

निळी_छत्री

बाप रे. तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, मी तीनदा वाचलं आणि मग नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं.

अपडेट देते. टेप घेऊन मोजलं, गजांमधलं अंतर ७ सेंटीमीटर भरलं, एका ठिकाणी साडेसात. सरकता कठडा नवऱ्याने हलवून बघितला तर खालच्या डाव्या खाचेचा तुकडाच हातात आला. जाऊबाईंना फोन केला, मला वाटलं होतं वाईट वाटेल त्यांना, त्या गप्पच झाल्या जरा वेळ आणि मग म्हणाल्या धाकटीच्या वेळी एकदा असाच खटकन आवाज आला होता, आम्ही चिकटपट्टी लावली होती. क्रिब मोडून टाकतोय, कोणाला द्यायची पण नाही. नवीन साधी चारी बाजू फिक्स असलेली घेतोय, आणि ती आमच्या खोलीत. बंपर, उशी, रजई पिशवीत भरून माळ्यावर, मैत्रिणी विचारतील तेव्हा बघू. ब्लाइंड्स उद्या निघतील. रंगाचा वास अजून येतोय, खिडक्या उघड्या ठेवल्यात दिवसभर.

@खिळेमोळे दादा, कपाट चार ड्रॉवरचं आहे, छातीएवढं उंच, भिंतीला लावून ठेवलंय पण बांधलेलं नाही. चांगलं जड आहे, मला तर हलवता पण येत नाही. त्यावरच गादी टाकून डायपर बदलायची जागा करणार होते. तरी बांधायचं का?

खिळेमोळे

बांधायचंच. रिकामं उभं असताना जड आहे ते ठीक. खालचे दोन-तीन ड्रॉवर बाहेर ओढा, म्हणजे सगळं वजन पुढे येतं, मग मूल त्या ड्रॉवरवर पायरीसारखं चढतं, आणि तुमचं जड कपाट तेवढ्याच जडपणाने अंगावर येतं. एका घरी मला बोलावलं होतं ते कपाट पडल्यानंतर. मुलगा दीड वर्षाचा, समोर पलंग होता म्हणून कपाट पलंगाच्या कडेवर तिरकं टेकलं आणि तो खालच्या त्रिकोणात बसून रडत होता, खरचटलंसुद्धा नव्हतं. पलंग हातभर लांब असता तर काय ते तुम्हीच समजा. ते पण म्हणत होते जड आहे.

कपाटाच्या मागच्या पातळ प्लायला स्क्रू मारू नका, तो कागदासारखा फाटतो. वरच्या फळीला किंवा बाजूच्या जाड लाकडाला दोन एल अँगल, दोन टोकांना. भिंत विटेची किंवा काँक्रीटची असेल तर ड्रिल करून प्लग टाकून स्क्रू. आणि नवऱ्याला सांगा झाल्यावर वरची कड धरून चांगलं जोर लावून पुढे ओढून बघायला, लाजायचं नाही. जड सामान खालच्या ड्रॉवरमध्ये, आणि वर खेळणं किंवा काही आकर्षक ठेवायचं नाही, त्यासाठीच चढतात.

अर्धवट_झोप

डायपर जमिनीवर बदल गं. चटई टाकायची आणि खाली बसायचं, जमिनीवरून कोणी पडत नाही. टाके असतील तर पहिले काही दिवस खाली बसवणार नाही, तेव्हा पलंगावर, पण एक हात कायम बाळाच्या पोटावर, पावडरचा डबा घ्यायला वळलीस तरी. खरं तर पावडर नकोच, नाकात जाते.

निळी_छत्री

हो, पलंगावरच करते सुरुवातीला. दादा, ती भिंत वाजवून बघितली, पोकळ आवाज येतोय, नवरा म्हणतो त्या बाजूला पार्टिशन आहे बोर्डचं. मग प्लग धरेल का?

खिळेमोळे

बोर्डमध्ये साधा प्लग धरणार नाही, ओढला की चुन्यासकट बाहेर येईल. आत दर दीड-दोन फुटांवर उभी फ्रेम असते, लाकडाची किंवा पत्र्याची. बोटाने वाजवत आडवं जा, आवाज पोकळचा भरीव होतो तिथे पेन्सिलने खूण करा. छोटं लोहचुंबक फिरवलं तर स्क्रूच्या डोक्याला चिकटतं, ती लाइन पक्की. कपाट त्या लाइनवर सरकवा आणि तिथेच मारा. सोपं म्हणजे कपाट समोरच्या पक्क्या भिंतीलाच न्या, ढगांच्या खाली बसेल. फक्त खिडकीपासून लांब ठेवा, नाहीतर त्याचीच शिडी होईल.

निळी_छत्री

ढगांची भिंत विटेचीच आहे. एक ढग झाकला जाईल, जाऊ दे. रविवारी मारतोय.

कोपऱ्यातला_बाबा

ड्रिल झाल्यावर जमिनीवरचे प्लगचे तुकडे मोजून उचला.

रात्रपाळी

आणि ड्रिल चालू असताना तू त्या खोलीत नकोस. धूळ बसू दे, ओल्या फडक्याने पुसून घ्या, मग जा.